ट्रकवाल्याची शिदोरी

अठ्ठावन्न साली सिंदी स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत मीराबाईंपुढं एक नवरा-बायको उभे होते. त्यांचं बोलणं ऐकायला कान टवकारायची गरजच नव्हती.

“आता विमानतळाचा ट्रक आमा मजुराईले खापरी स्टेशनवर घ्याले येते. संध्याकाळी गाडीवर आणूनबी सोडते.”

“मंग तिथं शेडात झोपनं बंद?”

“बंद. साहेबानं कबूल केलं. सुट्टी झाली का ट्रक उभा.”

“म्हंजे रोज घरी येनार तुमी?”

“रोज. पन मंग शिदोऱ्या दोन काऊन बांधल्या? रातचं आता घरीच जेवीन ना मी.”

“मालूम हाय मले.”

“तं मंग एक घरी ने.”

“नाई जी. ते ट्रकवाल्याले द्या. तुमाले गाडीवर पोचवता पोचवता त्याचंच जेवन राहून जाईन.”