दलदलीतली कडी

अगं, सुलभाकाकूंना घेऊन मी म्युझियमला गेले होते ना, तिथे काय झालं ते ऐक. त्यांची मुलगी नेहा गेल्यापासून त्या शॉमबर्गमधल्या घराबाहेर पडतच नव्हत्या, म्हणून मीच आग्रह केला. तिथे युरोपातल्या दलदलीत सापडलेली, हातात घालायची ब्राँझची कडी मांडली होती. हजारो वर्षं चिखलात राहूनही अगदी धड. गाइड मुलगी म्हणाली, "ही हरवलेली नसावीत. लोकांनी देवासाठी मुद्दाम पाण्यात सोडली असावीत."

"म्हणजे नवस," काकू मला म्हणाल्या. मग त्यांनी तिला इंग्रजीत विचारलं, "मागितलं ते मिळालं का त्यांना?"

ती हसली. "ते कळायला काही मार्ग नाही."

काकू काचेला हात टेकून उभ्या राहिल्या. "नेहा व्हेंटिलेटरवर होती ना, तेव्हा मी माझ्या सोन्याच्या पाटल्या मिशिगनच्या तळ्यात सोडल्या. काकांनाही सांगितलं नाही."

मी त्यांचा हात धरला. "चला काकू, घरी जाऊ या."

त्या हलल्याच नाहीत. "अजून असतील बघ तळाशी," म्हणाल्या. "पाटल्यांना काही होत नाही गं."