नुसतं हँडल ओढायचं

...आणि वर पुन्हा म्हणतो कसा, नुसतं हँडल ओढायचं! अहो, हँडल ओढायला काय लागतं, कुणाचं शेंबडं पोरही ओढेल, पण ओढल्यावर खाली जे पडायचं ते वर कोणी भरायचं, भरलेलं थंड कोणी ठेवायचं, खपलं नाही तर ओतून कोणी टाकायचं आणि ओतून झाल्यावर त्या यंत्राची सगळी आतडी बाहेर काढून घासायची कोणी... यातलं एक अक्षर त्या हितेशने सांगितलं असेल तर शपथ. हितेश म्हणजे मशीन विकणारा. ते सॉफ्टी आईस्क्रीमचं मशीन असतं ना, एका बाजूने व्हॅनिला, दुसऱ्या बाजूने चॉकलेट आणि मधून दोघांची वेणी, ते. आणि घेणारा कोण, तर आमचा गॉडफ्रे. तुम्हाला सांगतो, इतका सरळ माणूस की रिक्षावाला ‘जवळच आहे’ म्हणाला तरी त्याला खरं वाटतं.

मी सदानंद. समोरच्या बिल्डिंगीत पहिल्या मजल्यावर राहतो, माझ्या गॅलरीतून गॉडफ्रेची ओटी सरळ दिसते, त्यामुळे जे सांगतोय ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि काही तर जिभेने चाखलेलं आहे, त्याचं पुढे येईलच. माणिकपूरहून गावाकडे आत वळलं की त्याचं घर. पुढे ओटी, मागे केळीची उरलीसुरली वाडी. त्या ओटीवर त्याची बायको इझाबेल शिलाई मशीन घेऊन बसायची. पायडलचं जुनं मशीन. पहिल्या कम्युनियनचे, म्हणजे मुली चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेतात तेव्हाचे, पांढरेशुभ्र फ्रॉक शिवण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही, गावातल्या निम्म्या मुली तिच्याच हातचा घेर सांभाळत देवळात गेल्यात. ओटीवर उजेड, ओटीवर वारा, येणाराजाणारा ‘काय इझाबेल’ म्हणून दोन शब्द बोलणार, असा सगळा तिचा दरबार.

आणि गॉडफ्रे? त्याने कंपनीतून लवकर निवृत्ती घेतलेली. पहिले काही महिने बरे गेले, मग माणूस नुसता या दारातून त्या दारात. केळीला पाणी घालून झालं की पुन्हा केळीलाच पाणी. बायकोला विचारणार, ‘काही आणू का?’ बायको म्हणणार, ‘दोरा आणलास ना सकाळी.’ दुखतं हो हे माणसाला, घरात आपल्यावाचून कोणाचं काही अडत नाही हे कळलं की फार दुखतं. अशात कुठल्याशा प्रदर्शनात हा हितेश भेटला. ‘साहेब, तुमी बसून राहणार मानूस वाटत नाय. हे बघा, पावडर टाका, पानी टाका, बटन दाबा. बाकी काय पण नाय करायचं. नुसतं हँडल ओढायचं!’ आणि गॉडफ्रेच्या हातात कोन दिला, हँडल ओढायला लावलं, वेणी अशी गोल गोल गोल उतरली, वर टोक आलं... गेला. तिथेच गेला माणूस.

मशीन घरी आलं तेव्हा इझाबेल देवळात गेली होती. परत येऊन बघते तर ओटीवर कपाटाएवढं चकाकतं धूड. ‘माझं मशीन कुठेय?’ ‘आत ठेवलंय. खिडकीजवळ.’ ‘आतल्या खोलीला खिडकी कुठेय, गॉडफ्रे?’ पंचवीस वर्षं त्या घरात राहून त्याला तेव्हा आठवलं की तिथे खिडकी नाही, कॅलेंडर आहे. इझाबेल ओरडली नाही. ती ओरडत नाही, तेच तर वाईट. म्हणाली, ‘ईस्टरपर्यंत. ईस्टरच्या संध्याकाळपर्यंत हे आपल्या पायावर उभं राहिलं तर राहू दे, मी आत बल्ब लावून शिवीन. नाही राहिलं, तर माझी ओटी मला परत.’ गॉडफ्रे म्हणाला, ‘अगं ईस्टर कशाला, आठवड्यात बघ. करायचंय काय त्यात? नुसतं हँडल ओढायचं.’

सोमवारी फादर आशीर्वाद द्यायला आले. त्यांनी पवित्र पाणी शिंपडलं तर हितेश मागून कळवळला, ‘फादर, पॅनलवर पानी नको!’ मंगळवारी ही झुंबड! गेटाबाहेरपर्यंत रांग, गावातल्या रोनाल्ड अंकलनी तीन कोन खाल्ले, गॉडफ्रेचा हात हँडलवरून निघेना. माझ्या गॅलरीकडे बघून अंगठा दाखवला त्याने. आणि बुधवारी... माणूसच नाही. रस्त्यावर माणसं होती, नाही असं नाही, पण सगळी पलीकडून चाललेली आणि सगळ्यांच्या कपाळावर राखेचा क्रूस. राखेचा बुधवार! उपवासकाळ सुरू! आता मला सांगा, मी बाहेरचा माणूस, मला नाही कळलं तर ठीक, पण जन्मभर उपवासकाळ पाळणारा माणूस, दरवर्षी ईस्टरपर्यंत गोड सोडणारा माणूस, त्याने उन्हाळा बघितला, हितेशचा सीझन बघितला, आणि अख्खं गाव ज्या दिवसापासून गोड सोडतं त्याच्या आदल्या दिवशी आईस्क्रीमचं दुकान काढलं! मंगळवारची झुंबड म्हणजे गाव शेवटचं गोड खाऊन घेत होतं. आणि हा स्वतःच कपाळाला राख लावून, हातात कोन घेऊन उभा.

बरं, याने स्वतःही गोड सोडलेलं. म्हणजे आपल्याच मालाची चव बघायची सोय नाही. मग हाक कोणाला? ‘सदानंद, जरा येतोस?’ रोज सकाळी. ‘साखर जास्त झालीय का बघ. आंबूस लागतंय का बघ. कालच्यापेक्षा घट्ट आहे का बघ.’ शेजारधर्म म्हणून मी बघायचो. पुढे माझी शुगर डॉक्टरांनी बघितली, तेव्हा तेही म्हणाले, ‘काही नाही हो सदानंदराव, नुसतं रोज चालायचं.’ म्हणजे सगळ्यांचं आपलं नुसतंच.

आता गिऱ्हाईक नाही तर मशीन बंद ठेवावं ना? छे! बंद ठेवलं तर आतलं दूध नासतं. चालू ठेवलं तर ते आत घुसळत राहतं, घुसळत राहतं, आणि कोणी खाल्लं नाही की त्याचं काय होतं? लोणी होतं! आमच्या बिल्डिंगीतले एकदोघे यायचे, त्यांच्या कोनात वेणीऐवजी गोळे पडायचे. गॉडफ्रेने हितेशला फोन लावला. ‘साहेब, खप कमी असला तर असं होतंच.’ ‘हे आधी का नाही सांगितलंस?’ ‘साहेब, तुमी खप कमी असनार असं कुठे सांगितलं?’

मग वीज. आमच्याकडची वीज म्हणजे जावयासारखी, येते तेव्हा उपकार. हितेश म्हणाला स्टॅबिलायझर लागतो. आणला. स्टॅबिलायझर म्हणाला नवी वायरिंग लागते. केली. वायरिंग झाली तर मीटर दुकानाचा हवा. मीटर आला, तर मशीन मागून असा गरम वारा सोडायला लागलं की ओटीवर उभं राहणाऱ्याला आईस्क्रीम खायच्या आधी आंघोळ. मग पंखा आणला. पंख्याने कोनांना खाडीची दमट हवा लागून कोन चामड्यासारखे वातड झाले. मग कोनांना हवाबंद डबे. आणि धुणं... दुकान बंद केलं की मशीन उघडायचं, आतलं घुसळायचं पातं काढायचं, रबराच्या रिंगा काढायच्या, प्रत्येक रिंगेला खायला चालेल असं ग्रीस लावायचं, बादल्यांवर बादल्या पाणी, आणि टँकरचं पाणी किती जपून वापरतो आपण ते तुम्हाला मी सांगायला नको. एकदा एक रिंग बसवायची राहिली तर सकाळी सगळं व्हॅनिला ओटीच्या पायऱ्यांवरून उतरून केळीला गेलं. केळी मात्र छान आली हां यंदा.

आणि जाणं-येणं बंद. पाचूबंदरला मेहुणीकडे बारसं होतं, इझाबेल एकटी गेली. का, तर लाईट गेली तर मशीनजवळ कोण? मिस्साच्या प्रार्थनेला बसला तरी याचं लक्ष देवळाच्या पंख्यांकडे. पंखा हळू झाला की हा घामाघूम, व्होल्टेज पडलं म्हणून. ‘प्रार्थना कर रे,’ इझाबेल कुजबुजायची. ‘तेच करतोय,’ हा म्हणायचा.

आतल्या खोलीतून दिवसभर पायडलचा आवाज यायचा. खट खट खट खट, बल्बच्या उजेडात. गॉडफ्रे तो आवाज ऐकायचा आणि कोणी विचारलं, ‘काय, कसं चाललंय मशीन?’ तर म्हणायचा, ‘मस्त. काय करायचंय? नुसतं हँडल ओढायचं.’ हे तो कोणाला सांगायचा? लोकांना? मला वाटतं स्वतःलाच. कारण वायरिंग, मीटर, पंखा या सगळ्याचे पैसे त्या आतल्या खटखटीतून निघत होते, हे त्याला कळत होतं. इझाबेल बोलून दाखवत नव्हती. नुसतं डोळ्यांत थेंब घालायची आणि पुन्हा सुईत दोरा ओवायची.

आला ईस्टर! संध्याकाळी सगळं गाव नवे कपडे घालून बाहेर, उपास सुटलेला, गोडाची भूक साठलेली, पहिला नंबर रोनाल्ड अंकलचा, रांग पार माझ्या बिल्डिंगीच्या गेटापर्यंत. गॉडफ्रेने शर्टाच्या बाह्या सरसावल्या. इझाबेल दाराच्या चौकटीत उभी, हाताची घडी. कोन, कप, कोन, वेणी, वेणी, चॉकलेट... आणि पंधरा-वीस माणसांनंतर वेणी पातळ व्हायला लागली. मग टोक येईना. मग नुसती खीर. फोन लावला. ‘साहेब, गर्दी असली की मशीनला जरा रेस्ट द्यायचा.’ म्हणजे बघा, गिऱ्हाईक नसलं तर लोणी आणि गिऱ्हाईक आलं तर खीर! मग हे मशीन आईस्क्रीम नेमकं कधी देतं?

तेवढ्यात आतून आली ज्युली. रोनाल्ड अंकलची नात. पुढच्या रविवारी तिची पहिली कम्युनियन, आत तिच्या फ्रॉकची शेवटची ट्रायल चालली होती, टाचण्या लावलेल्या तशाच, आणि आईस्क्रीम दिसल्यावर ती पोर कसली थांबतेय? पांढऱ्याशुभ्र फ्रॉकमध्ये येऊन मशीनसमोर कप घेऊन उभी राहिली. ‘गॉडफ्रे अंकल, मला चॉकलेट.’ इझाबेल म्हणाली, ‘थांब—’ पण याने हँडल ओढलं होतं. आता वरचं मिश्रण संपत आलं की आत हवा शिरते, आणि हवा शिरली की ते मशीन थुंकतं, हेही हितेशने सांगितलेलं नव्हतं. फाडकन आवाज झाला. गळ्यापासून घेरापर्यंत सगळं चॉकलेट.

कोणी हसलं नाही. ज्युलीचा ओठ थरथरायला लागला. इझाबेल पुढे आली, तिने त्या पोरीला उचललं, तिच्या नाकावरचं चॉकलेट पदराने पुसलं आणि म्हणाली, ‘रडायचं नाही. पुढचा भाग नवा लावू. रविवारच्या आत होतो.’ गॉडफ्रेकडे तिने पाहिलंही नाही. तिने चार शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं. त्याने रांगेसमोर मशीनचं बटण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी मी गॅलरीत आलो तर ओटीवर पायडलचं मशीन. आईस्क्रीमचं धूड कोपऱ्यात सरकवलेलं, त्याच्यावर टेबलक्लॉथ, त्याच्यावर लेसची गुंडाळी. इझाबेल शिवतेय आणि तिच्या पायाशी पाटावर बसून गॉडफ्रे फ्रॉकचा चॉकलेटने माखलेला पुढचा भाग टाका टाका करून उसवतोय. मी म्हटलं, ‘काय रे?’ म्हणाला, ‘बघ ना, याला स्टॅबिलायझर लागत नाही.’ त्या रविवारी ज्युली देवळात अशी गेली की डाग सांगूनही कोणाला सापडला नसता. आणि तेव्हापासून हुक, बटणं, काजं सगळं गॉडफ्रेकडे. ‘दोरा आण’ म्हणते ती त्याला आता, दिवसातून चारदा. खूश असतो.

पण ते धूड? हितेश म्हणाला, ‘परत घेता येत नाय साहेब. आणि हां, नुसतं उभं ठेवू नका, रबर सुकतात, मधून मधून चालवावं लागतं.’ म्हणजे न चालवायचाही खर्च! शेवटी परवा नायगावच्या टॉवरमधून एक जोडपं आलं बघायला. सिद्धेश आणि आर्या, नुकतं लग्न झालेलं, डोळ्यांत नुसता उजेड. गॉडफ्रे सरळ माणूस, त्याने सुरुवातच केली, ‘हे बघा बाळांनो, घ्यायच्या आधी ऐका. स्टॅबिलायझर लागेल. मग वायरिंग...’ लोणी सांगितलं, खीर सांगितली, रिंगा सांगितल्या. त्या मुलीचा चेहरा उतरत चालला. ‘म्हणजे काका,’ तिने विचारलं, ‘चालवायला खूप कठीण आहे का हो?’

गॉडफ्रेने तोंड उघडलं. आणि तुम्हाला सांगतो, दर रविवारी पहिल्या बाकावर बसणारी, जन्मात खोटं न बोललेली इझाबेल, पायडलवरचा पाय न थांबवता, मान वर न करता म्हणाली, ‘छे गं. नुसतं हँडल ओढायचं.’

मशीन त्याच संध्याकाळी टेम्पोतून गेलं. ओटी मोकळी झाली. आता पुढच्या उपवासकाळात इझाबेलने फादरांपुढे गुडघे टेकून तेवढं एक खोटं कबूल करायचं राहिलंय... त्या मशीनचा हा शेवटचा खर्च म्हणायचा, दुसरं काय.