पर्मनंट दात

दाताचे पूर्ण पैसे भरून झालेत ना? मग उरलेल्या कामाला उद्याच जा. हसू नकोस, ऐक.

आमचे बाबा गिरणीत बदली कामगार. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कोणी आलं नाही तर त्याच्या जागी आत जायचं. पर्मनंट व्हायच्या आधीच संप झाला आणि गिरणी बंद पडली.

गेल्या वर्षी लालबागला त्यांचं रूट कॅनल केलं. डॉक्टर म्हणाला, "काका, ही कॅप टेम्पररी आहे. पर्मनंट पंधरा दिवसांनी बसवू." मी सगळे पैसे तेव्हाच भरून टाकले. बाबा खूश. माझा हात धरून जिना उतरताना म्हणाले, "चला, निदान दात तरी पर्मनंट होणार."

गुडघ्यांमुळे त्यांना एकट्याला जाता येत नाही. दर रविवारी विचारायचे, "काय रे, पर्मनंटचं कधी?" मी म्हणायचो, "पुढच्या शनिवारी नक्की." ऑफिस, पोरीची परीक्षा, गणपती... सात महिने गेले.

शेवटी चकली खाताना ती टेम्पररी कॅप निघाली, तेव्हा घेऊन गेलो. दवाखान्याला कुलूप. वॉचमन म्हणाला, "बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. गेल्या आठवड्यापर्यंत बसत होते की डॉक्टर." फोन लावला, तर बंद. माझं डोकंच फिरलं. "फसवलं साल्याने!" म्हणून तिथेच ओरडायला लागलो.

बाबा कुलपाकडे बघत होते. म्हणाले, "त्याला कशाला शिव्या देतोस? गिरणीचं गेट उघडायची मी वाट बघितली रे, ते उघडलंच नाही. हे तर सात महिने उघडं होतं."