सोमवारची शुद्ध हवा

टाळ थांबवा, थांबवा जरा! आख्यानाला हात घालायच्या आधी मला तुम्हाला दोन प्रश्न विचारायचे आहेत. उत्तर हात वर करून द्यायचं. कोणी झोपलं असेल तर शेजारच्यानं चिमटा काढावा — पुण्य लागेल!

पहिला प्रश्न. मंडळी, शहरातली हवा बिघडत चालली आहे असं कुणाकुणाला वाटतं?... अबब! सगळा मंडप! आमच्या मृदंगवाल्या बुवांनी तर दोन्ही हात वर केले! अहो बुवा, मत एकच धरणार तुमचं!

बरं, हात खाली. आता दुसरा. ही हवा ज्यांनी बिघडवली, त्यांनी हात वर करा.

का हो? एक हात नाही? मग बिघडवली कुणी? चित्रगुप्त खाली येऊन चौकात फटफटी फिरवतो काय? का यमाचा रेडा धूर सोडतो? आजोबा म्हणतात, आमच्या वेळी हवा कशी तुपासारखी होती! असेल बाबा. पण तुमच्याच वेळी चुलीपुढं फुंकून फुंकून आजीचे डोळे गेले, ते विसरलात वाटतं! नातू म्हणतो, आजोबा, मोबाइलवर बघा, आज हवेचा आकडा लाल आहे. आणि हाच नातू 'अरेरे' म्हणतो, आणि कोपऱ्यावरून दूध आणायला गाडीला किक मारतो!

म्हणून आजचा सवाल असा — आपण सोडलेला धूर जातो कुठं? ऐका.

आपल्याच जिल्ह्यातलं एक शहर. नाव सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या वर्षी तिथली मंडळी मला कीर्तनाला बोलवायची नाहीत. त्या शहराच्या जुन्या भागात एक गल्ली, आणि गल्लीच्या तोंडाशी हिरामणशेठ लोणाऱ्यांची मुरमुऱ्याची भट्टी, भट्टीला लागूनच त्यांचं घर. माणूस सोन्यासारखा बरं का! येणाऱ्याजाणाऱ्या पोराच्या हातावर मूठभर गरम मुरमुरे ठेवल्याशिवाय राहायचा नाही. दोष एकच. आधी बाभळीची लाकडं जाळायचा. ती महाग झाली, तशी गाद्यांच्या कारखान्यातलं रेक्झिनचं कातरण आणायला लागला. फुकट मिळायचं हो! आणि फुकट म्हटलं की आपलं काय होतं... जाऊ द्या, महाप्रसादाची रांग मी काल पाहिली आहे.

रेक्झिन पेटलं की धूर कसा निघतो? काळा कुळकुळीत! दिवस वाळवणाचे. गच्च्यांवर पापड, सांडगे, कुरडया. गल्लीतल्या सगुणाबाई एक दिवस ताट घेऊन तरातरा भट्टीवर आल्या.

"शेठ, ही कुरडई आहे का कोळसा?"

"कुरडई आहे की, वहिनी."

"आहे ना? मग तळते, आणि तुम्हालाच वाढते! आणि सांगते, पुरी खाल्ल्याशिवाय उठू देणार नाही!"

हिरामणशेठनं हात जोडले. मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री म्हणाला, "त्यात काय एवढं! चिमणी वर चढवू." पत्र्याच्या नळकांड्यावर नळकांडं, त्यावर आणखी एक. चिमणी अशी उभी राहिली, की देवळाच्या कळसानं मान वर करून बघावं! धूर गेला वरच्या वर. गल्ली मोकळी! कुरडया पांढऱ्या! लोकांनी काय करावं? अहो, सत्कार केला! शाल, नारळ, भाषणं! 'हिरामणशेठनी आपल्या गल्लीचा धूर घालवला!'

एका म्हाताऱ्यानं विचारलं, "घालवला म्हणजे कुठं घालवला?"

"तिकडं!"

"तिकडं म्हणजे?"

"अहो, नाल्यापलीकडं! तुम्हाला काय करायचंय? नारळ फोडा!"

फोडला नारळ. खोबरं वाटलं. संपला विषय! मी यावर दोन ओळी जुळवल्या आहेत, माझ्याच आहेत, वाकड्यातिकड्या असतील —

धूर गेला दूर, म्हणे झालो मोकळा।
वारा फिरताचि, आला आपुल्याच गळा॥

बुवा, थाप द्या! हां... आता पुढं.

या हिरामणशेठना एकच लेक. मयूरी. भट्टीच्या धुरात वाढलेली, म्हणून छाती लहानपणापासून नाजूक. थंडी पडली की पोरीला दम लागायचा. आई यमुनाबाई रात्रभर पाठ चोळत बसायची. हिरामणशेठ दाराशी उभा राहून नुसता बघायचा. मंडळी, लेकराला श्वास पुरत नाही हे बघत उभं राहावं लागणं, याच्याइतकं दुःख मला तरी माहीत नाही. त्यानं शपथ घेतली — पोरगी देईन तर चांगल्या हवेच्या घरीच देईन!

स्थळं बघायला सुरुवात झाली. लोक काय बघतात? नोकरी, शेती, जागा. आमचा हिरामणशेठ काय बघायचा? नाकानं बघायचा! मुलाच्या घरी जायचा, पोह्यांकडं ढुंकून बघायचा नाही, थेट गॅलरीत! डोळे मिटायचे आणि... हूऽऽऽ! लांब श्वास! हायवेजवळचा एक मुलगा चांगला इंजिनिअर होता. "नको, डिझेल येतंय." बाजारपेठेतला एक होता. "नको, मिरचीचा खकाणा येतो." मुलाकडचे म्हणायचे, हा माणूस जावई बघतोय का अत्तर?

शेवटी एक स्थळ आलं. नवी कॉलनी, पाचवा मजला. इमारतीचं नाव 'वनश्री' — झाड म्हणाल तर एकच, कुंडीतली तुळस! हिरामणशेठ सोमवारी बघायला गेला. गॅलरीत उभा राहिला. हूऽऽऽ! काय हवा! जणू गंगेत बुडी मारली! खात्री करायला पुढच्या सोमवारी परत गेला. हूऽऽऽ! तीच हवा! तिथल्या तिथं सुपारी फोडली.

आता तुम्ही विचाराल, महाराज, सोमवारीच का? विचारा की! नुसतं माना काय डोलावताय!

अहो, सोमवारी भट्टी बंद असते! आठवड्याची सुट्टी! बाकीच्या दिवशी त्याला सवडच नाही. आणि ती कॉलनी कुठं? नाल्यापलीकडं! पाचवा मजला नेमका कुठं? चिमणीच्या तोंडासमोर! हसू नका, हसू नका. लग्नही ठरलं सोमवारचं, भट्टी बंद ठेवून. आलेले पाहुणे म्हणाले, वा, काय हवा आहे हो!

मंगळवारी मयूरीनं सासरची खिडकी उघडली आणि तिचा खोकला सुरू झाला.

पुढं वर्षभर काय तमाशा झाला, तो ऐका. मंगळवार ते रविवार पोरगी खोकते. सोमवारी बाप भेटायला येतो, सोमवारी पोरगी ठणठणीत! सासूबाई, कमलताई, त्या काय समजल्या? "बघा! बाप दिसला की खोकला पळतो! नाटकं आहेत सगळी! धूर आम्हाला येत नाही? त्या मेल्या चिमणीवाल्याच्या नावानं मी रोज बोटं मोडते. पण मी खोकते का?" आणि इकडं हिरामणशेठ काय समजला? "माझ्यासमोर पोरगी खोकत नाही. म्हणजे हवा चांगली आहे, माणसंच खोटी आहेत! सासरी छळ होतोय हिचा!"

मयूरी सांगायची, "अण्णा, इथं धूर येतो हो."

हा उठायचा, गॅलरीत जायचा. हूऽऽऽ! "कुठं आहे धूर? मला नाक नाही का?"

घ्या! सोमवारी धूर शोधणं म्हणजे एकादशीला जेवण शोधल्यासारखं!

दोन्ही घरांचं बोलणं बंद व्हायची वेळ आली. त्यात मयूरीला दिवस गेले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि तोंड गंभीर केलं. म्हणाल्या, "हिला धुरापासून लांब ठेवा. हिचा श्वास अपुरा पडतो, म्हणजे पोटातल्या बाळाचाही पडतो. हे नाटक नाही, कमलताई." त्या दिवशी सासूबाई पहिल्यांदा घाबरल्या. सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "चुकलं गं माझं," आणि उठून खिडक्या लावून घेतल्या.

सातवा महिना लागला. डोहाळेजेवण ठरलं, गच्चीवर. कधी? सोमवारी! व्याह्यांना तेवढाच वार सोयीचा ना! पण मंडळी, तो सोमवार होता दिवाळीच्या तोंडावरचा. लक्ष्मीपूजनाला काय लागतं? लाह्या-बत्तासे! भट्टीवर मागणी एवढी, की हिरामणशेठनं आयुष्यात पहिल्यांदा सोमवारी भट्टी चालू ठेवली. कामगारांना सांगितलं, "जोरात पेटवा रे, कातरण कमी करू नका!" आणि पगडी-उपरणं घालून हा निघाला लेकीच्या घरी.

गच्चीवर झोपाळा सजवलेला. मयूरी हिरव्या साडीत. अंगावर निशिगंधाचे दागिने — वेणी, बाजूबंद, कंबरपट्टा. बायका गाणी म्हणताहेत. दोन वाट्या झाकून ठेवल्या आहेत, एकीत पेढा, एकीत बर्फी. मयूरीनं वाटीला हात घातला... आणि पांढऱ्याशुभ्र फुलावर एक काळा कण पडला. मग दुसरा. वारा फिरला आणि धुराचा लोटच्या लोट गच्चीवर! गाणं थांबलं. बायकांनी पदर नाकाला लावले. मयूरी उठायला गेली, उठता येईना. तोंड उघडं, डोळे मोठे, एक हात छातीवर, एक पोटावर. श्वास आत जाईना हो! यमुनाबाई तिला कवेत घेऊन ओरडल्या, "पोरीऽऽ!"

हिरामणशेठचं रक्त उसळलं. "कोण आहे तो हलकट? आज सोडत नाही त्याला! सगळ्यांसमोर सांगतो, त्याची चिमणी माझ्या हातानं पाडली नाही, तर बापाचं नाव लावणार नाही!"

असा गरजत हा कठड्याशी गेला. धूर कुठून येतो ते बघायला लागला. हवेतली काळी रेघ धरून नजर मागं मागं नेली... कॉलनीच्या कुंपणावरून, नाल्यावरून, देवळाच्या कळसावरून...

आणि थांबला!

अहो, स्वतःचं पोर गर्दीत ओळखू येतं, चिमणी ओळखू येणार नाही?

मागून व्याही म्हणाले, "दिसली का? चला, आम्ही पण येतो पाडायला!"

"लांब आहे हो," हिरामणशेठ पुटपुटला. "लई लांब आहे."

तेवढ्यात औषधाचा फवारा तोंडात घेऊन मयूरीला जरा श्वास घेता येऊ लागला होता. हा तिच्यापाशी गेला, खाली बसला. हळूच म्हणाला, "तुला माहीत होतं?"

"हो अण्णा. भाजलेल्या मुरमुऱ्याचा वास मी ओळखणार नाही का?"

"मग बोलली का नाहीस गं?"

"धूर येतो एवढं सांगत होते की. कुणाचा ते सांगितलं असतं, तर या घरात तुमची मान खाली गेली असती."

मंडळी! बापाची मान वर राहावी म्हणून पोरगी वर्षभर बापाचा धूर गिळत होती! आता कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं असेल तर पुसू नका, येऊ द्या. माझ्याही येतं.

हिरामणशेठ उभा राहिला. सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाला, "विहीणबाई, ती चिमणी माझी आहे."

कमलताईंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! म्हणजे मी वर्षभर रोज व्याह्यांच्याच नावानं बोटं मोडत होते!"

"मोडा," तो म्हणाला. "अजून दोन-चार दिवस मोडा. मग बघू."

तसाच भट्टीवर आला. भट्टी विझवली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला बोलावलं आणि म्हणाला, "चिमणी काप. माझ्या घराच्या खिडकीएवढ्याच उंचीची ठेव!"

मिस्त्री म्हणाला, "शेठ, डोकं ठिकाणावर आहे ना? धूर तुमच्याच घरात येईल!"

"येऊ दे."

यमुनाबाई तर अंगावरच आल्या. "अहो, पहिलं बाळंतपण माहेरी! पोरगी महिन्या-दोन महिन्यांत इथं येणार, आणि तुम्ही धूर घरात आणताय?"

"म्हणूनच आणतोय! धूर लांब जात होता तोवर मी एक काडी कमी केली नाही. मी मला चांगला ओळखतो, यमुने. आता माझी लेक इथं यायच्या आत तो मला थांबवावाच लागेल. पळायला वाटच ठेवली नाही मी!"

गल्ली बसते का गप्प? सगुणाबाई आल्या. शाल घालणारे पुढारी आले. "शेठ, हे काय आरंभलंय? चिमणी होती तशी वर करा! जाऊ द्या की धूर नाल्यापलीकडं!"

हिरामणशेठ म्हणाला, "वहिनी, नाल्यापलीकडं माझी मयूरी आहे."

सगुणाबाई वळल्या. पुढाऱ्यांनाही सोबत घेऊन परत गेल्या.

पुढं काय, चमत्कार झाला? आकाशातून पुष्पवृष्टी? छे हो! माणूस आठ दिवस स्वतःच्या धुरात खोकला, डोळे चोळले, स्वतःलाच शिव्या घातल्या. रेक्झिन बंद केलं. घरातलं होतं नव्हतं ते मोडून गॅसची भट्टी आणली. नफा घटला, पोट सुटलेलं होतं तेही घटलं! आणि मयूरी माहेरी आली. ज्या दिवशी बाळ जन्मलं, त्या दिवशी असं खणखणीत रडलं, की सगुणाबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "छाती चांगली आहे हो लेकराची!"

आता माझ्याकडं बघा. हिरामणशेठला हसलात, छान हसलात. पण त्याला निदान नाल्यापलीकडं आपली लेक सापडली, म्हणून तो शहाणा झाला. तुमची-माझी लेक पलीकडं नसेल तर? तर काय धूर गोड लागतो तिथं? अहो, पलीकडं कुणाची तरी लेक असतेच की! तीही बापाला नाही तर नवऱ्याला म्हणत असेल, धूर येतो हो. आणि कुणी तरी सोमवारी गॅलरीत उभा राहून म्हणत असेल, कुठं आहे?

उद्या सकाळी अंगणातला पालापाचोळा, प्लास्टिक, जुनी चप्पल गोळा करून काडी लावायला बसाल ना, तेव्हा थांबा. वारा कुणीकडं जातोय ते बघा. त्या दिशेनं चालत जा आणि पहिलं दार लागेल ते वाजवा. आत कोण राहतं ते विचारा. म्हातारं असेल, तान्हं असेल, एखादी पोटुशी असेल. तिच्या तोंडाकडं नीट बघा, पाणी मागून प्या, आणि मग खुशाल परत येऊन काडी लावा! मी नाही म्हणायला येणार नाही. हात होतो का ते बघा.

चला, टाळ उचला! छाती भरून श्वास घ्या, आणि म्हणा माझ्यामागं — नाल्यापलीकडं राहणाऱ्या पांडुरंगाचा विजय असो!