बघणं, ताडून बघणं, करून बघणं

कांबळे बाईंच्या शोकसभेला जमलेल्या पालकांनो, गुरुजनांनो, समोर बाईंचे यजमान बसलेत, त्यांना आधी नमस्कार करतो. मी ह्या शाळेचा चित्रकलेचा मास्तर. माझा हात चालतो, जीभ चालत नाही. पण आत्ता एक घोषणा झाली. ती ऐकून गप्प बसवेना, म्हणून उठलो.

घोषणा अशी, की दरवर्षी विज्ञानाच्या उत्तम मॉडेलला कांबळे बाईंच्या नावानं ढाल द्यायची. फलकावरही लिहिलंय, 'प्रयोगशील शिक्षिका'. मजकूर दिला तसा मीच रंगवला. पण बाई सातवीला काय शिकवायच्या, ते ह्यातल्या कुणाला ठाऊक आहे? माझा वर्ग त्यांच्या भिंतीला लागून. मला पाठ आहे.

"पोरांनो, शोधायच्या वाटा तीन. नुसतं बघणं, ताडून बघणं, करून बघणं. चिंचेवर पाखरं कवा येत्यात ते नुसतं बघा, हात लावू नका. एक हरभरा उन्हात ठेवा, एक अंधारात, ते झालं करून बघणं. प्रश्न बघायचा आन् मग वाट धरायची."

आणि ताडून बघणं? ते इथंच झालं, ह्या कबनुरात. यंत्रमागांचा खडखडाट बंद असतो त्या दिवशी बाईंनी पटांगणात गजराचं घड्याळ ठेवलं. सगळ्या पोरांनी डोळे मिटून मागं सरकायचं. टिकटिक येईनाशी झाली की हात वर. ज्यांच्या घरात माग, त्यांचे हात लगेच वर झाले. बाकीची पोरं अजून सरकतच होती. बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

ते घेऊन आम्ही कोल्हापूरला विज्ञान प्रदर्शनात गेलो, राजारामपुरीत. तक्ते माझे होते. परीक्षक म्हणाले, "ह्यात प्रयोग कुठाय? काय हलत न्हाय, दिवा लागत न्हाय."

बाई म्हणाल्या, "साहेब, ह्याचा प्रयोग करायचा म्हंजे चांगल्या कानाचं पोर आणून मागापाशी बसवाय लागंल. तुमचं देताय?"

बाद केलं. नंबर कुणाला? थर्माकोलच्या ज्वालामुखीला. त्याचा रंग माझ्या बोटाला लागला, इतका ताजा. पोरानं तरी केला होता का तो? मला विचारा, मी अशी कामं रोज बघतो.

आणि आपण काय केलं? मागवाल्यांना कशाला दुखावता, म्हणून बाईंनाच समज दिली. विज्ञान काढून घेतलं, कार्यानुभव दिला. ज्यांनी काढून घेतलं, त्यांनीच आज फोटोला हार घातलाय. मला राग येतो, आणि तो लपवायची माझी इच्छा नाही. आयांनी मात्र बाईंचं ऐकलं. पोरांची अंथरुणं मागापासून हलली.

ढाल द्यायचीच असेल तर ताडून बघणाऱ्या पोरांना द्या. नाहीतर राहू द्या.

आता उभे राहूया. आज माग बंद आहेत. यजमानांनी बाईंचं तेच घड्याळ घरून आणलंय, किल्ली देऊन इथं टेबलावर ठेवलंय. दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही. बाईंची तेव्हाची पोरं तिकडं शेवटच्या रांगेत आहेत, आता मोठी बापई माणसं झालीत. ज्यांना टिकटिक येत नाही, त्यांनी हात वर करायचा.

आणि व्यासपीठावरच्या मंडळींनी डोळे मिटायचे नाहीत. ते हात बघायचे. नुसतं बघायचं.