मधली खुर्ची रिकामी का आहे

समारंभाचे अध्यक्ष, म्हणजेच आपले महाव्यवस्थापक साहेब, व्यासपीठावरील पाहुणे, पहिल्या रांगेतल्या काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, आणि पंपिंग स्टेशनच्या सहकाऱ्यांनो, सत्कारमूर्तींची खुर्ची रिकामी का, अशी कुजबूज चालली आहे. म्हणून आधी घडलं ते सांगते.

१. आमचे सर काल संध्याकाळी निवृत्त झाले. त्यांच्या जागी दिवसपाळीला नवा माणूस नेमलेला नाही.
२. रात्रपाळी माझी होती. आज सकाळी मला सोडवायला कोणी आलं नाही.
३. सर आले. मला घरी पाठवून पॅनेलसमोर बसले.
४. ते अजून तिथेच आहेत.

आमच्या कंट्रोल रूमचा रिवाज असा, की येणाऱ्याने 'टेक ओव्हर' असं तोंडाने म्हटल्याशिवाय जाणारा खुर्चीतून उठत नाही. पहिल्या दिवशी मी म्हणाले होते, "सर, मी बघते, तुम्ही निघा."

"बघायला पाहुणेही येतात."

"बरं, सांभाळते."

"तान्हं बाळ आहे का? टेक ओव्हर म्हण. म्हणजे यापुढे पंप बंद पडला तर शिव्या तुला."

इंग्रजीत या क्रियापदाचे उपयोग पुष्कळ. मोठी कंपनी लहान कंपनीला टेक ओव्हर करते, तेव्हा लहानीला कोण विचारतं? काकू मघाशी सांगत होत्या, "स्वयंपाकघर टेक ओव्हर करतो म्हणतायत. म्हटलं, आधी चहाची गाळणी कुठे असते ते सांगा." आणि झोप. तीही माणसाला टेक ओव्हर करते, न विचारता. पहाटे पॅनेलसमोर ती मला शिवून जाते. टाकी कधी भरून वाहायला लागली, हे तेव्हा मला कळणार नाही. शोभेसाठी हे बोलत नाही.

साहेब, दुपारी मी बदली माणूस मागितला, तेव्हा आपण फोनवर म्हणालात, "तुम्ही घरच्याच आहात, थोडं ॲडजस्ट करा." घरचं म्हटल्याबद्दल आभारी आहे. पण घरची माणसंही झोपतात. सरांनी बिनपगारी, बिनहुकमाचं ॲडजस्ट केलं, म्हणून आज हार त्यांच्याऐवजी टेबलाच्या गळ्यात आहे.

सरांविषयी चांगलं बोलायचं ठरवून आले होते. ते राहिलंच. ते माझे शिक्षक आहेत, एवढ्यात ते आलं असं समजा.

आता मी खाली कंट्रोल रूममध्ये जाते आणि तो शब्द म्हणते. सर वर येतील. कृपया ते येईपर्यंत केक कापू नका. काकू, उद्या पहाटे त्यांना घराबाहेर पडू देऊ नका.

आपण ऐकून घेतलंत, ऋणी आहे. शब्द कोरडे वाटले असतील तर ते जागरणाच्या खात्यावर टाका.

अध्यक्षमहाराज, एकच विनंती. माझ्याकडून टेक ओव्हर कोण करणार, ते उद्या, शुक्रवारी, सकाळी सहाच्या आत कळवावं.