म्हसवडची मेली, फोटू माझा

आवं पावनं, रडताय काय! मीच हाय, रंगूबाई – भूत न्हवं, भुताचं कुटं गुडघं दुखत्यात? सासूसाठी जावई रडल्याला पयल्यांदाच बघितला बाई. बसा, पानी प्या. मेली ती म्हसवडची रंगूबाई – बातमी तिची, फोटू माझा. व्हय, तुमच्या मोबाईलवर हाय तीच. आमच्या शिवतेजची करनी – नातू साताऱ्याच्या बातम्यांची वेबसाईट चालवतोय न्हवं! आदी समदं एकाच ठिकानी हुतं – लिवायचं, फोटू लावायचा, झालं. पर इलेक्शनच्या निकालाच्या दिवशी लोकं तुटून पडली की समदंच बंद. मग ह्यानं केल्या वाटण्या – लिवायचं ॲप निराळं, फोटूंचं निराळं, लोकांना दावायचं तिसरंच. म्हनला, आज्जी, आता एक पडलं तरी बाकीची चालत्यात. चालत्यात की! तीन जावांच्या तीन चुली चालत्यात तशी – एकीची इझली तर दुसरीकडं भाकरी मिळती, पर दारात पावना आलाय ह्ये कोन कुनाला सांगत न्हाई! पयल्यानं नाव दिलं, दुसऱ्यानं त्या नावाची घावली ती म्हातारी दिली – आडनाव कोन बघतंय? – आन तिसऱ्यानं घातला मला हार. सकाळी शिवतेजनं बातमी सुदारली, तर तिसऱ्याला पत्त्याच न्हाई, ते आपलं जुनंच दावतंय – आमच्या थोरल्या सुनंगत, एकदा डोसक्यात बसलं की बसलं!

हसू नगा. कुपवाडवरनं एकटंच आला? न्हाई, आपलं इचारलं. मायानं बी बघितली असंल की बातमी. हक्कसोडीवर सही करत न्हाई म्हनल्यावर माजा धाकटा ल्योक तिला वंगाळ बोलला, तवापासनं लेक हिकडं फिरकली न्हाई – न फिरकू दे! माजं काय अडलंय? शिवतेज म्हनत हुता, तिसरं ॲप घटकाभर बंदच करतो, म्हंजे जाईल बातमी – मीच म्हनलं, राहू दे रं दुपारपातुर, कुपवाडवरनं यायला येळ लागतो – म्हंजे – लोकांची गैरसोय नगं, आसं म्हनायचं हुतं मला.

काय? रिक्षात? आपल्या दारात? आन मगाधरनं मला बडबडू देताय व्हय! आत येत न्हाई म्हनती? आय मेली तरी बाहीरच बसली – माजीच लेक ती! न्हाई, तुमी काय सांगू नगा तिला. उटू नगा. पानी प्या तुमी. मी जाते.